श्वासनळीचे अस्तर आणि श्वासनळीचा स्नायू



जून महिन्यात आपल्या हैदराबादेत तीन गोष्टी एकाच सुमारास येतात. मृग लागतो, शाळा उघडते आणि नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दम्याच्या रुग्णांची रांग लागते. आपण ज्याला मृग नक्षत्र म्हणतो त्यालाच तेलुगू पंचांगात मृगशिरा कार्ते म्हणतात. त्या मुहूर्तावर बत्तिनी गौड कुटुंबाकडून मरळ माशाच्या जिवंत पिलाच्या तोंडात औषधाची गोळी ठेवून तो मासा रुग्णाला गिळायला देतात. शाकाहारी माणसाला तीच गोळी गुळातून मिळते. ही सेवा १८४५ पासून चालत आली आहे असे ते कुटुंब सांगते, आणि औषधाचे पैसे ते घेत नाहीत. करोनामुळे २०२० ते २०२२ ही तीन वर्षे वाटप झाले नाही, २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातूनही माणसे येतात. आपल्यापैकी काहींच्या घरी त्यानिमित्ताने पाहुणेही उतरतात.

त्या रांगेतल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : श्वास का अडतो? या पाठात आपण त्याचे उत्तर शोधू. थोडक्यात उत्तर आधीच सांगतो. श्वासनळी आवळतो तो तिच्याभोवतीचा स्नायू. पण त्या स्नायूला सैल ठेवण्याचे बरेचसे काम नळीच्या आतले पातळ अस्तर करते. अस्तर बिघडले की स्नायू बेलगाम होतो. एवढे ज्याला नीट समजले, तो कोणता पंप केव्हा आणि किती दिवस घ्यायचा यात सहसा चुकणार नाही.

आधी शब्द समजून घेऊ

आपली मुले घरी मराठी बोलतात, वर्गात इंग्रजी, हिंदी आणि तेलुगू ऐकतात. त्यामुळे शास्त्राचे शब्द एकमेकांत मिसळतात. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'पेशी' म्हणजे मसल आणि सेलला म्हणतात 'कोशिका'. मराठीत मात्र 'पेशी' म्हणजे सेल आणि मसलला म्हणतात 'स्नायू'. एकच शब्द, पण दोन भाषांत दोन वेगळ्या वस्तू! तसेच इंग्रजीतल्या एपिथेलियमला हिंदीत 'उपकला' आणि मराठी पाठ्यपुस्तकात 'अभिस्तर' म्हणतात. या लेखात मी सोपा शब्द वापरतो : अस्तर. कोटाला आतून अस्तर असते तसेच हे नळीचे अस्तर.

नळीची रचना

नाकातून घेतलेली हवा घशातून श्वासनलिकेत येते. श्वासनलिकेच्या दोन शाखा होतात, त्यांना श्वसनी म्हणतात. झाडाला फांद्या फुटाव्यात तसे पुढे त्यांना फाटे फुटत जातात. असे सुमारे २३ टप्पे झाले की हवा वायुकोशांपर्यंत पोहोचते. मोठ्या नळ्यांना कूर्चेचा आधार असतो, म्हणून त्या सहजासहजी मिटत नाहीत. साधारण एक मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांना श्वसनिका म्हणतात. त्यांना कूर्चा नसते. तेथे स्नायू आवळला की नळी जवळजवळ बंद होऊ शकते.

एखादी श्वसनी आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर सर्वांत आत अस्तर दिसते. त्याखाली बारीक रक्तवाहिन्यांचा आणि मज्जातंतूंचा मऊ थर असतो. त्याबाहेर स्नायूचा वेढा असतो.

अस्तरातल्या पुष्कळशा पेशी खांबासारख्या उभ्या असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर सुमारे २०० सूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि वर आलेली धूळ कफासह घशाकडे ढकलतात. त्यांच्यामध्ये कफ तयार करणाऱ्या चषक पेशी असतात. तळाशी लहान पेशी असतात, त्यांच्यापासून अस्तराची डागडुजी होते. या सर्व पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात.

बाहेरचा स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखा आपल्या इच्छेने चालत नाही. मज्जातंतूतून ॲसिटिलकोलीन सुटले किंवा ॲलर्जीमुळे हिस्टामिन सुटले की स्नायूच्या पेशीत कॅल्शियम वाढते आणि स्नायू आवळतो. ॲड्रिनलिनमुळे तो सैल पडतो.

नळी थोडी आवळली तर एवढा त्रास का व्हावा? येथे गणित कामाला येते. हवा संथपणे वाहत असेल तर नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, २ × २ × २ × २ म्हणजे १६ पट होतो. म्हणूनच काल खेळणारे मूल आज जिना चढताना थांबते. आणि नळी दोन बाजूंनी अरुंद होते हे लक्षात ठेवा : बाहेरून स्नायू आवळतो, आतून अस्तर सुजते आणि कफ साचतो.

अस्तराची किमया कशी कळली?

फार वर्षे शास्त्रज्ञ अस्तराला केवळ आच्छादन समजत होते. ही समजूत प्रथम रक्तवाहिन्यांच्या बाबतीत बदलली. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे रॉबर्ट फर्चगॉट हे सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत असत. जिवंत प्राण्यात ॲसिटिलकोलीनने रक्तवाहिन्या सैल होत, पण प्रयोगशाळेतल्या पट्ट्या मात्र आवळत. कारण शोधता शोधता असे आढळले की, पट्टी तयार करताना तिचे आतले अस्तर घासले जात होते. अस्तर शाबूत ठेवले की तीच पट्टी सैल पडे. म्हणजे अस्तरातून स्नायूला 'सैल हो' असा निरोप जात होता. हा शोध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड या साध्या वायूचा होता असे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळाले.

रक्तवाहिनीत असे घडते, तर श्वासनळीतही घडत असेल का? १९८५ मध्ये दोन ठिकाणी हा प्रयोग झाला. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फ्लावाहान, वानहूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या श्वसनीच्या पट्ट्या घेतल्या. इंग्लंडमध्ये पीटर बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरांच्या श्वासनलिकेच्या पट्ट्या घेतल्या. काही पट्ट्यांचे अस्तर हळूच काढून टाकले, काहींचे तसेच ठेवले. मग दोन्हींवर ॲसिटिलकोलीन आणि हिस्टामिन टाकले. अस्तर काढलेल्या पट्ट्या औषधाच्या कमी मात्रेतच जोराने आवळल्या. शिवाय कुत्र्याच्या अस्तर नसलेल्या पट्ट्यांवर सैल करणाऱ्या औषधाचाही परिणाम कमी झाला. स्नायू तोच, औषध तेच, फरक फक्त अस्तराचा.

विद्यार्थ्यांनी या प्रयोगाची मांडणी लक्षात ठेवावी. एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सर्व सारखे ठेवायचे, यालाच नियंत्रित प्रयोग म्हणतात.

अस्तर स्नायूला कसे सांभाळते?

पहिले काम भिंतीचे. धूळ, परागकण, धूर आणि हिस्टामिनसारखे पदार्थ स्नायूपर्यंत व मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत थेट पोहोचू नयेत म्हणून अस्तर त्यांना अडवते.

दुसरे काम निरोपाचे. अस्तराच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि नायट्रिक ऑक्साइड यांसारखे पदार्थ सोडतात. ते खाली झिरपून स्नायूला सैल ठेवतात.

तिसरे काम सफाईचे. मज्जातंतूंमधून स्नायू आवळणारी काही प्रथिनांसारखी द्रव्ये सुटतात. अस्तरात त्यांचे तुकडे करणारी विकरे असतात. फ्लूसारख्या विषाणूने अस्तर दुखावले की हे विकर कमी पडते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. "सर्दी झाली आणि दमा उठला" असे आई सांगते, त्यामागे असलेल्या कारणांपैकी हे एक आहे.

चौथे काम धोक्याची घंटा वाजवण्याचे. येथे मात्र अस्तर कधी कधी घात करते. धूळ किंवा विषाणू लागले की अस्तराच्या पेशी संरक्षक पेशींना बोलावणारी रसायने सोडतात. जंतू आले असता ही घंटा उपयोगी असते. दम्यात ती साध्या धुळीलाही वाजते आणि वाजतच राहते. बोलावलेल्या इओसिनोफिल पेशी तेथे जी द्रव्ये ओततात त्यांनी अस्तर आणखी सोलले जाते. राखणदारच शेत तुडवू लागावा तसा हा प्रकार. अशा घंटांपैकी एक रसायन टीएसएलपी या नावाचे आहे. ते अडवणाऱ्या टेझेपेलुमॅब या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ते तीव्र दम्याच्या मोजक्या रुग्णांसाठी आहे. पण अस्तर हेच दम्याचे उगमस्थान असते ही समजूत त्यामुळे पक्की झाली.

दुष्टचक्र

दम्याच्या रुग्णाच्या कफात अस्तराच्या पेशींचे पुंजके सापडतात, हे नेलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६२ मध्येच दाखवले होते. म्हणजे अस्तर सोलले जाते हे माहीत होते. ते नेमके का सोलते याचे एक नवे उत्तर एप्रिल २०२४ मध्ये मिळाले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील जोडी रोझेनब्लॅट यांच्या गटाने उंदरांच्या आणि माणसांच्या ऊतींवर काम करून दाखवले की, स्नायू जोराने आवळला की आतल्या पेशींची चेंगराचेंगरी होते आणि त्यांतल्या पुष्कळ पेशी बाहेर फेकल्या जातात. गर्दीच्या बसमध्ये दारातले प्रवासी बाहेर पडावेत तसे. त्यामुळे भिंतीला खिंडारे पडतात, सूज वाढते आणि कफ वाढतो. त्याच अभ्यासात असेही दिसले की, साल्ब्युटामॉलने नळी उघडली तरी पेशींची ही हानी थांबली नाही.

आता चक्र पूर्ण झाले. अस्तर बिघडले म्हणून स्नायू आवळतो, आणि स्नायू आवळला म्हणून अस्तर आणखी बिघडते. प्रत्येक झटका पुढच्या झटक्याची तयारी करून जातो. म्हणून "झटका आला की पाहू" हे धोरण चुकीचे आहे.

जुनी औषधे आणि नवी औषधे

दम्याच्या जुन्या औषधांकडे पाहिले तर त्यांतली बहुतेक स्नायूवर काम करणारी दिसतात. धोतऱ्याच्या धुराची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मद्रासहून इंग्लंडला गेली. धोतऱ्यात ॲट्रोपीन असते, ते ॲसिटिलकोलीनला अडवते. पण धोतरा विषारी आहे, कोणीही हा प्रयोग करू नये. कडक कॉफी दम्याला देत, कारण कॅफिनने नळी थोडी सैल होते. आपल्या परसातल्या अडुळशात व्हॅसिसीन असते. त्याच्यावरून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. १९६९ मध्ये बाजारात आलेले साल्ब्युटामॉल, म्हणजे आजचा निळा पंप, हेही स्नायूच सैल करते. ते चार-पाच मिनिटांत आराम देते आणि जीव वाचवते. पण अस्तराची सूज ते कमी करत नाही.

अस्तराची सूज उतरवणारे औषध नळीत थेट पोहोचवण्याची सोय १९७२ मध्ये झाली, बेक्लोमेथासोन या स्टिरॉइडच्या पंपाने. आज ब्युडेसोनाइड वगैरे त्याच जातीची औषधे वापरतात. त्यांनी तत्काळ काही वाटत नाही. परिणाम दिसायला काही दिवस आणि पुरता दिसायला काही आठवडे लागतात. येथेच घोटाळा होतो. निळ्या पंपाने लगेच बरे वाटते म्हणून तो आवडतो, आणि रोजच्या पंपाने काहीच वाटत नाही म्हणून तो कपाटात पडतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

दम्यावरील जागतिक मार्गदर्शक संस्थेने, जिना या नावाने ती ओळखली जाते, २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की, बारा वर्षांवरील कोणाही रुग्णाला फक्त निळ्या पंपावर ठेवू नये, सोबत अस्तराचे औषध हवेच. आता काही रुग्णांना दोन्ही औषधे एकाच पंपातून देतात. हा विषय आपल्याला दूरचा नाही. जगातल्या दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू एकट्या भारतात होतात, असे जागतिक रोगभार अभ्यासाचे अंदाज सांगतात. रोजचा पंप न घेणे किंवा मध्येच सोडणे हे त्याचे एक मोठे कारण आहे.

पालकांच्या दोन शंका

"पंपाची सवय लागते" असे पुष्कळ पालक म्हणतात. रोज दात घासण्याचीही सवय लागते, तिला आपण वाईट म्हणत नाही. दुसरी शंका स्टिरॉइडची. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध असते. स्टिरॉइडची गोळी मिलिग्रॅममध्ये असते आणि १००० मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. शिवाय पंपातले औषध थेट जागेवर जाते. वर्षानुवर्षे पंप घेणाऱ्या मुलांच्या उंचीत सुमारे एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, हे दीर्घ अभ्यासात दिसले आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण न आवरलेला दमा मुलाची झोप, खेळ आणि शाळा हिरावून घेतो, आणि कधी कधी जीवही. मात्रा डॉक्टर ठरवतील. फवारा घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंडात बुरशी येत नाही.

मग माशाच्या प्रसादाचे काय?

शास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे शरीररचना आठवावी. घशापासून दोन नळ्या निघतात. पुढची श्वासनलिका, मागची अन्ननलिका. गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडते. गिळलेली वस्तू, मग ती मासा असो वा गूळ, अन्ननलिकेतून जठरात जाते. मासा वळवळत जाऊन छातीतला कफ साफ करतो असे सांगतात, पण तो श्वासनळीच्या अस्तराला स्पर्शही करत नाही. या औषधाने दमा बरा होतो असे नियंत्रित प्रयोगातून सिद्ध झालेले नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना दुखावण्याचा माझा हेतू नाही, आणि पिढ्यान्पिढ्या विनामूल्य सेवा करणाऱ्या कुटुंबाबद्दल अनादरही नाही. विनंती एवढीच आहे. प्रसाद घेतला म्हणून रोजचा पंप एक दिवसही बंद करू नका. आणि लहान मुलाला जिवंत मासा गिळायला लावताना तो श्वासमार्गात अडकण्याचा धोका ध्यानात घ्या.

घरी आणि शाळेत

पावसाळ्यापूर्वी गोधड्या आणि उशा कडक उन्हात टाका. ओल आलेली भिंत कोरडी करा. ऊद, धूप, अगरबत्ती आणि दिवाळीचे फटाके यांचा धूर दम्याच्या मुलापासून दूर ठेवा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर मुलाचे अस्तर त्याची किंमत मोजते. मोकळ्या जागी वाढणारे गाजरगवत फुलण्याआधी उपटा, मात्र हातमोजे घालून.

आपल्या पाल्याला दमा असेल तर वर्गशिक्षकांना लेखी कळवा आणि निळा पंप व स्पेसर दप्तरात ठेवा. हे लपवण्यासारखे नाही. शाळेत त्रास सुरू झाला तर मुलाला सरळ बसवावे, आडवे करू नये. स्पेसरमधून एका वेळी एक असे चार फवारे द्यावेत, प्रत्येक फवाऱ्यानंतर मुलाने चार श्वास घ्यावेत. चार मिनिटांत आराम पडला नाही तर पुन्हा चार फवारे द्यावेत आणि १०८ ला फोन करावा. ओठ निळसर झाले किंवा वाक्य पूर्ण बोलता येत नसेल तर वाट न पाहता फोन करावा. १०८ ची रुग्णवाहिका सेवा २००५ मध्ये आपल्याच शहरातून सुरू झाली. तिचा उपयोग करण्यात संकोच नको.

मुलांनो, वर्गातल्या एखाद्या मित्राने पंप काढला तर हसू नका. तो आपल्या श्वासनळीचे अस्तर जपतो आहे.

विचार करा आणि उत्तरे लिहा

१. नळीची त्रिज्या ३ मिलिमीटरवरून १ मिलिमीटर झाली तर अडथळा किती पट वाढेल?

२. १९८५ च्या प्रयोगात काही पट्ट्यांचे अस्तर तसेच का ठेवले?

३. हिंदीतील 'पेशी' आणि मराठीतील 'पेशी' यांत काय फरक आहे?

४. निळ्या पंपाने आराम पडला तरी रोजचा पंप का चालू ठेवावा? स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा आणि घरी वाचून दाखवा.